इंग्रजी तरभाव : बालवयातील अध्यापन

दोन वस्तूंमधला कमी-अधिकपणा दाखवणाऱ्या विशेषणाच्या रूपाला तरभाव म्हणतात. इंग्रजीत ‘टॉल’चे ‘टॉलर’ होते, ‘ब्यूटिफुल’सारख्या लांब शब्दाआधी ‘मोअर’ येते आणि ‘गुड’ मात्र रूपच पालटून ‘बेटर’ होते. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी सुरू होत असल्याने ही रूपे मुलांच्या कानावर लवकर पडतात.

मराठीत तुलना करताना विशेषण जागचे हलत नाही. ‘सीता रवीपेक्षा उंच आहे’ या वाक्यात तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’ उचलतो. ‘उंच’ होता तसाच राहतो. इंग्रजीत विशेषणाचे रूप बदलते, शिवाय ‘दॅन’ लागते आणि तेही रवीच्या आधी. म्हणून मूल ‘सीता इज टॉल दॅन रवी’ म्हणते. त्याने आपल्या भाषेचा नियम इमानाने पाळलेला असतो; अशा वेळी त्याला रागावणे अन्यायाचे आहे. ‘मोअर टॉलर’ हीसुद्धा नेहमीची चूक. ‘गुडर’ तर इंग्रजी मातृभाषा असलेली मुलेही म्हणतात.

त्या मुलांनाही ‘टॉलर’मधला हा ‘-अर’ प्रत्यय सहज जमत नाही. मुलांच्या भाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार ते सात वर्षांच्या मुलांना बनावट शब्दांची रूपे करायला दिली होती. अनेकवचने पुष्कळांना जमली. तरभाव आणि तमभाव (‘टॉलेस्ट’सारखे ‘सगळ्यांत अधिक’ दाखवणारे रूप) मात्र बहुतेकांना आपणहून सांगता आला नाही. यामागे निव्वळ व्याकरण नसते. बालमानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांच्या निरीक्षणानुसार चार-पाच वर्षांचे मूल काठ्यांच्या लहान-मोठ्या जोड्या लावते, पण सगळ्या काठ्या उंचीच्या क्रमाने पद्धतशीर मांडणे त्याला साधारण सातव्या वर्षी जमते. मधली काठी एकीपेक्षा लांब आणि दुसरीपेक्षा आखूड, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरणे त्याला अवघड जाते.

म्हणून सुरुवात वस्तूंपासून करावी. वापरून झिजलेल्या तीन पेन्सिली पुरतात. आधी दोनच ठेवून ‘लाँगर’ म्हणून घ्यावे. मग त्या ‘लाँगर’ पेन्सिलीहूनही लांब अशी तिसरी तिच्या बाजूला ठेवली की मघाची ‘लाँगर’ पेन्सिल ‘शॉर्टर’ होते. मुले इथे हमखास थबकतात आणि त्या थबकण्याला वेळ द्यावा, कारण ‘लाँगर’ हे त्या पेन्सिलीचे नाव नाही, ते शेजारच्या पेन्सिलीवर ठरते, हे कळण्याचा क्षण तोच असतो. ‘टॉलर दॅन’ ही जोडी पहिल्या दिवसापासून एकत्रच म्हणून घ्यावी; ‘टॉलर’ सुटे पाठ झाले की ‘दॅन’ मागे राहते. ‘बिगर’मध्ये ‘जी’ दोनदा का, हा लेखनाचा प्रश्न तोंडी सवय होईपर्यंत थांबू शकतो.

पाठीला पाठ लावून उंची मोजण्याचा खेळ मुलांना आवडतो. जाडी आणि रंग यांची तुलना मात्र वर्गात मुलामुलांमध्ये कधीही करू नये. त्यासाठी भोपळा आणि काकडी आहेत.