मेदऊतीचा दाह

शरीरातील चरबीच्या साठ्यात रोगप्रतिकारक पेशी शिरून तेथे वर्षानुवर्षे धुमसत राहणाऱ्या मंद दाहाला मेदऊतीचा दाह म्हणतात. जखमेभोवती दिसणारी लाली, सूज किंवा ठणका येथे नसतो आणि रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. तरीही टाइप २ मधुमेहाच्या मुळाशी असलेल्या इन्सुलिनरोधाचे, म्हणजे पेशींनी इन्सुलिनला नीट दाद न देण्याचे, ते एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

चरबीची पेशी म्हणजे नुसती तेलाची बुधली नव्हे. लेप्टिन, ॲडिपोनेक्टिन यांसारखी संप्रेरके स्रवून ती भूक, यकृताचे काम आणि स्नायूंतील साखरेचा वापर यांवर परिणाम करत असते. गरजेपेक्षा जास्त आहार सतत मिळत राहिला की ही पेशी फुगते, तिला प्राणवायू अपुरा पडू लागतो आणि काही पेशी मरतात. मेलेल्या पेशीभोवती महाभक्षी पेशी (मृत पेशी गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) कडे करतात. सूक्ष्मदर्शकाखाली मध्ये तेलाचा थेंब आणि भोवती गडद ठिपक्यांची माळ असे ते दृश्य मुकुटासारखे दिसते. या पेशींतून टीएनएफ-आल्फा, इंटरल्यूकिन-६ अशी दाहजनक प्रथिने पाझरतात. इन्सुलिन पेशीवरील ग्राहीला (त्याचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटते खरे, पण त्यांच्यामुळे साखर आत घेण्याचा संदेश पेशीत पुढे सरकत नाही. लठ्ठ उंदरांमध्ये टीएनएफ-आल्फा निष्प्रभ केल्यास इन्सुलिनचा परिणाम सुधारतो, हे होतामिस्लिगिल, स्पीगलमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले. माणसांत मात्र केवळ या एका प्रथिनाला रोखून तितका लाभ दिसला नाही, कारण दाहाच्या वाटा अनेक आहेत.

आहारातील मेदाचा प्रकारही महत्त्वाचा असतो. पामतेलात सुमारे ४४ टक्के असलेले पामिटिक आम्ल महाभक्षी पेशींतील दाहाला चेतवते, असे प्रयोगशाळेत आढळते. शेंगदाणा तेलात त्याचे प्रमाण बरेच कमी असते. परंतु दोष एकट्या तेलातुपाचा नाही, कारण जादा साखरेचेही यकृत मेदात रूपांतर करते.

एकदा इन्सुलिनरोध आला की चक्र आपोआप फिरू लागते. एरवी इन्सुलिन चरबीचे विघटन आवरून धरते. तो आवर सुटला की मुक्त मेदाम्ले रक्तातून यकृतात व स्नायूंत जाऊन साचतात, यकृत साखर सोडत राहते आणि वाढलेली साखर रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नवा दाह निर्माण करते. हिरड्यांचा आजार हे याचे सहज दिसणारे उदाहरण आहे: मधुमेहाने तो बळावतो आणि तो बळावला की साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते.

हा विकार केवळ स्थूल माणसांचा आहे, ही समजूत भारतीयांच्या बाबतीत घातक ठरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघांचाही देहवस्तुमान निर्देशांक (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, बीएमआय) २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांतही हीच ठेवण आढळली: वजन सरासरी २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बालकांपेक्षा खूपच कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली. म्हणून भारतीयांसाठी वजनकाट्याइतकीच मोजपट्टीही आवश्यक मानली जाते. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, की पोटातील अवयवांभोवती मेद साठल्याची शंका घेऊन रक्तातील साखर तपासली जाते.