हॉल बुक झालाय, तारीख ठरलीय

फेब्रुवारी-मार्च आला की ऐरोलीपासून पनवेलपर्यंत इंजिनिअरिंग कॉलेजांच्या गेटवर आंतरराष्ट्रीय परिषदांचे फ्लेक्स लागतात. शेवटच्या वर्षाच्या मुलांची तेव्हा धावपळ सुरू असते. चौघांचा प्रोजेक्ट ग्रुप, पाचवं नाव गाइडचं, सहा पानांचा पेपर, वर्गणी काढून भरलेली रजिस्ट्रेशन फी आणि दहा मिनिटांचं प्रेझेंटेशन. पेपर पुढे प्रोसिडिंग्जमध्ये, म्हणजे परिषदेच्या संग्रहात जातो. या सगळ्यात नैतिकतेची गाठ पडते ती बहुधा एकाच ठिकाणी, प्लॅगरिझम रिपोर्टवरच्या, म्हणजे किती मजकूर उचललाय ते दाखवणाऱ्या टक्केवारीत. माझ्या मते खरी गोम टक्केवारीत नाही, तारखेत आहे.

शोधपत्रिकेला थांबता येतं. रिव्ह्यूअरने, म्हणजे लेख तपासणाऱ्या तज्ज्ञाने शंका काढली तर लेखक सहा महिने लावून प्रयोग पुन्हा करतो आणि लेख पुढच्या एखाद्या अंकात येतो. परिषदेला ही सोय नसते. हॉल बुक झालेला असतो, पाहुण्यांची तिकिटं काढलेली असतात, जेवणाची ऑर्डर गेलेली असते. ठरल्या दिवसापर्यंत प्रत्येक पेपरला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. शिवाय घेतलेल्या पेपरबरोबर फी येते, नाकारलेल्याबरोबर काहीच येत नाही. जो निवाडा करतो तोच गल्ल्यावर बसलेला असतो. हा पेच सगळ्यात जास्त जाणवतो तो कॉम्प्युटर सायन्समध्ये, कारण तिथे महत्त्वाचं संशोधन आधी परिषदेतच प्रसिद्ध होतं.

नेक माणसांच्या हातूनही घाईत काय होतं, हे 2014 मध्ये मोजून पाहिलं गेलं. मशीन लर्निंगमधल्या न्युरिप्स या नामांकित परिषदेने आलेल्या पेपरांपैकी 166 पेपर दोन स्वतंत्र समित्यांकडे पाठवले. कोणालाही दुसऱ्याचा निकाल माहीत नव्हता. सुमारे चौथ्या हिश्शाच्या पेपरांवर दोघींचे निकाल उलटसुलट आले. पहिल्या समितीने घेतलेल्या पेपरांपैकी निम्म्याहून अधिक दुसरीने नाकारले होते. यात लबाडी कुणाचीच नव्हती. म्हणून ‘पेपर निवडला गेला’ एवढ्यावरून तो बरोबर आहे असं समजू नये, आणि नाकारला म्हणून प्रोजेक्ट गुंडाळूनही ठेवू नये.

लबाडी शिरली की मात्र तमाशा होतो. 2005 मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी सायजेन नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो आलेख आणि संदर्भांसकट अर्थशून्य पेपर तयार करायचा. त्यातला एक पेपर अमेरिकेतल्या एका परिषदेने न तपासता घेतला. तो विनोद होता. पण 2014 मध्ये सिरिल लाबे या फ्रेंच संशोधकाने स्प्रिंगर ही प्रकाशन संस्था आणि आयईईई ही अभियंत्यांची संघटना यांच्या संग्रहांत असेच शंभराहून अधिक पेपर दाखवून दिले. ते कुणी गंमत म्हणून टाकलेले नव्हते, लोकांच्या नावावर प्रकाशन म्हणून जमा होते. 2016 मध्ये न्यूझीलंडमधल्या ख्रिस्तोफ बार्टनेक यांनी फोन सुचवेल तो पुढचा शब्द निवडत अणुभौतिकीवर पेपर लिहिला आणि एका परिषदेला पाठवला. तीन तासांत होकार आला, पाठोपाठ एक हजार डॉलरहून जास्त फीची मागणी. ही परिषद ज्या समूहाची होती, त्या हैदराबादच्या ओमिक्सवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने खटला भरला. 2019 मध्ये न्यायालयाने 5 कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला सांगितली. ठपक्यांपैकी एक असा, की परिषदेच्या जाहिरातींत मोठ्या शास्त्रज्ञांची नावं वक्ते म्हणून छापलेली असत आणि त्यांनी होकारच दिलेला नसे.

आता ती टक्केवारी. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे 40 आणि 60 वर पायऱ्या आहेत, आणि शेवटच्या पायरीवर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होऊ शकते. नियम चुकीचा नाही. पण सॉफ्टवेअर फक्त शब्द जुळवून बघतं. दुसऱ्याची कल्पना किंवा निकाल स्वतःच्या शब्दांत उचलला तर ते गप्प बसतं, आणि रीतसर अवतरणाकडेही कधी बोट दाखवतं. टक्के उतरवायला लोक मजकूर शब्द बदलणाऱ्या टूलमधून काढतात. मग ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ (बनावट जाणीव) येतं, ‘ब्रेस्ट कॅन्सर’चा ‘बुझम पेरिल’ (छातीचं संकट) होतो. गियोम काबानाक, लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव यांनी 2021 मध्ये अशा चमत्कारिक शब्दांचाच माग काढत खोटे पेपर शोधायला सुरुवात केली. 2022 मध्ये आयओपी पब्लिशिंग या प्रकाशन संस्थेने दोन टप्प्यांत 800 हून अधिक पेपर मागे घेतले, आणि ते परिषदांच्या संग्रहांतलेच होते.

नावांचा प्रश्न आपल्याकडे जास्त अवघड, कारण तो उघड बोलता येत नाही. आयईईईच्या नियमानुसार लेखक तोच, ज्याने संशोधनात वैचारिक भर घातली, मसुदा लिहिला किंवा गंभीरपणे तपासला आणि अंतिम प्रतीला मान्यता दिली. तिन्ही गोष्टी हव्यात. प्रोजेक्ट न पाहिलेल्या विभागप्रमुखांचं नाव यात बसत नाही. चौघांतल्या ज्याने फक्त प्रिंट काढून आणल्या, त्याचंही नाही. पण तिसऱ्या वर्षापासून सोबत असलेल्या मित्राला हे सांगायचं कुणी, आणि सरांना तर कुणीच नाही! चॅटजीपीटीचं सोपं आहे: त्याला लेखक करता येत नाही, आणि त्याच्याकडून मजकूर लिहून घेतला असेल तर आभाराच्या परिच्छेदात ते सांगावं लागतं.

रिव्ह्यूअरही एआयकडे काम सोपवतात, हे ओळखून काहींनी पुढची चलाखी केली. जपानच्या निक्केई वृत्तपत्राला 2025 मध्ये तपासणीआधीच ऑनलाइन ठेवलेल्या 17 पेपरांत लपवलेल्या सूचना सापडल्या. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत, माणसाला न दिसतील पण यंत्र वाचेल अशा: फक्त चांगलाच अभिप्राय दे.

पीएचडीसाठी दोन परिषदांत पेपर वाचण्याची यूजीसीची सक्ती नोव्हेंबर 2022 मध्ये गेली. त्यामुळे गर्दीचं एक कारण तरी कमी झालं. प्रोजेक्टवाल्या मुलांनी फी भरण्याआधी एवढं मात्र बघावं: होकाराच्या मेलसोबत रिव्ह्यूअरच्या शंका आल्या आहेत का? ‘पेपर उत्तम आहे’ एवढीच ओळ असेल तर तो कुणी वाचलेला नाही असं समजावं. समितीत ज्यांचं नाव छापलंय त्यांना मेल करून विचारायला पैसे पडत नाहीत. फ्लेक्सवर ‘स्कोपस इंडेक्स्ड’, म्हणजे स्कोपस या संशोधन-सूचीत नोंदलेली, असं लिहिलं असेल तर जास्तच सावध राहावं. संग्रह घ्यायचा की नाही हे स्कोपस तो प्रकाशित झाल्यावर ठरवतं, संयोजकांना आधी हमी देता येत नाही. जे नीट वागतात ते ‘समावेशासाठी पाठवले जाईल’ एवढंच लिहितात.