धर्मसंस्थापक : येशू ख्रिस्त व मुहंमद पैगंबर

ख्रिस्ती व इस्लाम या दोन धर्मांच्या उगमाशी ज्यांची नावे जोडलेली आहेत, त्या येशू ख्रिस्त (सु. इ. स. पू. ६ ते ४–सु. इ. स. ३० किंवा ३३) व मुहंमद पैगंबर (सु. ५७०–६३२) यांचा तौलनिक विचार हा धर्मेतिहासातील जुना विषय आहे. दोघांच्या चरित्रांची रूपरेषा परिचित असल्याने ती येथे दिलेली नाही. ‘संस्थापक’ या संज्ञेची मर्यादा, कालनिर्णयाचे प्रश्न आणि साधनांचे स्वरूप यांपुरतीच ही नोंद आहे.

संज्ञा : दोघांनाही ‘संस्थापक’ म्हणणे ही अभ्यासकांची सोय आहे, दोन्ही परंपरांना ती जशीच्या तशी मान्य नाही. येशू ज्यू होते. त्यांचा उपदेश मुख्यतः गालीलातील ज्यू श्रोत्यांसाठी आणि बहुधा ॲरेमाइक भाषेत होता, त्यांच्या अनुयायांना ‘ख्रिस्ती’ हे नाव त्यांच्या मृत्यूनंतर अँटिऑक येथे प्रथम मिळाले, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात (११.२६) म्हटले आहे. ज्यूंखेरीज इतरांना सुंतेचे बंधन न घालता मंडळीत (ख्रिस्ती समुदायात) घ्यावे, हा आग्रह आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक संत पौल याने धरला. त्यावरून विल्यम व्रेडे या जर्मन अभ्यासकाने १९०४ मध्ये पौलाला ख्रिस्ती धर्माचा दुसरा संस्थापक ठरविले. हे मत आज इतक्या टोकाने मांडले जात नाही, कारण पौलाच्या पत्रांतच त्याच्या आधीच्या मंडळीकडून त्याला मिळालेली श्रद्धावचने (१ करिंथ १५.३–५) उतरलेली आहेत.

इस्लामच्या बाजूने हरकत निराळी आहे. कुराणाच्या दृष्टीने इस्लाम हा नवा धर्म नसून इब्राहीम, मूसा व ईसा (येशू) यांनी सांगितलेलाच धर्म होय, आणि मुहंमद हे प्रेषितमालिकेची ‘मोहोर’ (३३.४०), म्हणजे शेवटचे प्रेषित होत. जुन्या मराठी लेखनात आढळणारा ‘महंमदी धर्म’ हा शब्द मुसलमान वाचकास खटकतो तो यामुळेच. ख्रिस्तावरून ख्रिस्ती, तसे महंमदावरून महंमदी, अशा हिशेबाने तो घडला. पण हा हिशेबच जुळत नाही. ख्रिस्ती श्रद्धेनुसार ईश्वराचा शब्द देहधारी झाला (योहान १.१४), तर इस्लामी श्रद्धेनुसार तो ग्रंथरूपाने अवतरला. म्हणून ख्रिस्ताची तुलना मुहंमदांशी न करता कुराणाशी करावी आणि बायबलशी ताडून पाहायचेच तर हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या परंपरा) संग्रह घ्यावेत, असे धर्माभ्यासक विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी सुचविले. येशूंची आई मारिया हिचे कौमार्य आणि पैगंबरांचे ‘उम्मी’ म्हणजे निरक्षर असणे (कुराण ७.१५७, या शब्दाच्या अर्थाविषयी मतभेद आहेत) यांत काही अभ्यासकांनी दाखविलेले साम्यही याच विचारातून येते : शब्द ज्याच्याद्वारे आला, ते पात्र मानवी संस्कारापासून अलिप्त असावे. प्रस्तुत नोंदीत हाच दृष्टिकोन अधिक ग्राह्य मानला आहे.

कालनिर्णय : येशूंच्या जन्माविषयी मत्तय व लूक या शुभवर्तमानकारांची (येशूंचे चरित्र सांगणाऱ्या ग्रंथांच्या कर्त्यांची) वृत्ते जुळत नाहीत. मत्तयानुसार जन्म हेरोद राजाच्या हयातीत झाला. हेरोदाचा मृत्यू बहुसंख्य अभ्यासक इ. स. पू. ४ मध्ये धरतात. लूक मात्र जन्माचा संबंध सिरियाचा अधिकारी क्विरीनियस याच्या नावनिशीशी (जनगणनेशी) जोडतो, आणि ती पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार जोसीफस याच्या इतिहासावरून इ. स. ६ मधील ठरते. दोहोंत सुमारे दहा वर्षांचे अंतर पडते. ते बुजविण्यासाठी क्विरीनियसचा आणखी एक, आधीचा कार्यकाल कल्पिण्यात आला. त्यास स्वतंत्र पुरावा नाही. मत्तयाच्या बाजूने कौल देऊन इ. स. पू. ६ ते ४ हा काळ सामान्यतः स्वीकारला जातो. लूकानेच कार्यारंभाच्या वेळी येशूंचे वय ‘सुमारे तीस’ दिले आहे (३.२३) आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे कार्य सम्राट टायबीरियसच्या पंधराव्या वर्षी, म्हणजे सु. २८–२९ मध्ये, सुरू झाल्याचे सांगितले आहे. क्रूसारोहण पंतय पिलात याच्या अमदानीत (२६–३६) शुक्रवारी झाले, याविषयी वाद नाही. तो दिवस वल्हांडण या ज्यू सणाचा होता, की शुभवर्तमानकार योहानाच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या तयारीचा, यावर वर्ष ठरविणे अवलंबून आहे. तयारीचा दिवस धरल्यास ७ एप्रिल ३० व ३ एप्रिल ३३ या तिथी गणिताने संभवतात. त्यांतील पहिलीकडे कल थोडा अधिक आहे.

पैगंबरांच्या जन्मवर्षाची स्थितीही फारशी वेगळी नाही. परंपरेनुसार त्यांचा जन्म ‘हत्तीच्या वर्षी’, म्हणजे येमेनचा शासक अब्रहा याने हत्ती घेऊन मक्केवर स्वारी केली त्या वर्षी झाला, आणि ते वर्ष इ. स. ५७० मानले जाते. अब्रहाच्या मध्य अरबस्तानातील मोहिमेचा मुरैघान येथील शिलालेख मात्र दक्षिण अरबस्तानातील हिम्यरी शकाच्या ६६२ व्या वर्षाचा, म्हणजे इ. स. ५५२ चा आहे, व त्यात मक्केचा किंवा हत्तींचा उल्लेख नाही. शिलालेखातील मोहीम तीच मानावी तर पैगंबरांचे मृत्युसमयीचे वय ऐंशीच्या घरात जाते. निराळी मानावी तर ५७० या वर्षास परंपरेपलीकडे आधार उरत नाही. शिवाय पहिल्या साक्षात्काराच्या वेळी ते चाळीस वर्षांचे होते, या कथनातील चाळीस हा आकडा सेमिटिक परंपरेत परिपक्वतेचा निदर्शक आहे; जन्मवर्ष त्यावरून मागे मोजून काढले असावे, अशी शंका घेतली जाते. लूकाचे ‘सुमारे तीस’ आणि सीराकारांचे (पैगंबरांच्या चरित्रकारांचे) चाळीस हे दोन्ही आकडे जन्मतिथीचे काम करू शकत नाहीत. हिजरतीनंतरच्या (पैगंबरांनी मक्केहून मदीनेस केलेल्या स्थलांतरानंतरच्या) घटनांचा कालक्रम पुष्कळच पक्का आहे. मृत्यूची तिथी ११ व्या हिजरी वर्षाच्या रबीउल्-अव्वल महिन्याची बारावी, सोमवार, अशी रूढ असून ती ८ जून ६३२ शी जुळविली जाते.

कालगणना कोठून सुरू केली, हेही दोन धर्मांत वेगळे आहे. इसवी सनाचा आरंभ येशूंच्या जन्मापासून धरला गेला, पण तो त्यांच्यानंतर पाच शतकांनी, ५२५ मध्ये, डायोनिशियस एक्झिगस या भिक्षूने ईस्टरच्या कोष्टकांसाठी, आणि वर वर्णिल्याप्रमाणे काही वर्षांच्या चुकीने. हिजरी सन खलीफा उमर यांनी पैगंबरांच्या मृत्यूनंतर सहा-सात वर्षांतच प्रचारात आणला, आणि त्याचा आरंभ जन्मापासून वा पहिल्या साक्षात्कारापासून न धरता मदीनेस झालेल्या स्थलांतराच्या वर्षापासून धरला. स्थलांतर सप्टेंबर ६२२ मध्ये पुरे झाले असले, तरी वर्षारंभ त्या वर्षाच्या मुहर्रमपासून, १६ जुलैपासून, मोजतात.

साधने : इस्लामचा जन्म इतिहासाच्या लख्ख उजेडात झाला, असे फ्रेंच अभ्यासक एर्नेस्ट रेनाँ याने १८५१ मध्ये लिहिले. गेल्या अर्धशतकातील चिकित्सेने हे विधान बरेच सौम्य केले आहे. येशूंविषयी सर्वांत जुने लेखन म्हणजे पौलाची पत्रे (सु. ५० पासून); त्यांत चरित्र जवळजवळ नाही. मार्ककृत शुभवर्तमान सु. ७० चे आहे. पैगंबरांचे पहिले विस्तृत चरित्र इब्न इसहाक (मृ. सु. ७६७) याचे असून ते मुख्यतः इब्न हिशाम (मृ. सु. ८३३) याच्या संपादित रूपात उपलब्ध आहे. म्हणजे घटना व चरित्र यांतील अंतर येशूंच्या बाबतीत सुमारे चाळीस वर्षांचे, तर मुहंमदांच्या बाबतीत शतकाहून अधिक भरते. बाह्य उल्लेखांत मात्र पारडे उलटे फिरते. येशूंच्या वधाचा उल्लेख करणारा रोमन इतिहासकार टॅसिटस सु. ११६ मध्ये लिहितो, तर ‘मुहंमदाच्या अरबां’शी गाझ्याजवळ फेब्रुवारी ६३४ मध्ये झालेल्या लढाईची नोंद सु. ६४० च्या सिरियाक भाषेतील एका वृत्तान्तात आढळते.

हस्तलिखितांपैकी दोन उल्लेखनीय आहेत. मँचेस्टर येथील सु. ९ × ६ सेंमी.चा पपायरसचा तुकडा नव्या कराराचा सर्वांत जुना अवशेष मानला जातो; त्याच्या दोन्ही बाजूंस योहानाच्या अठराव्या अध्यायातील, पिलातासमोरील चौकशीच्या ओळी आहेत. त्याचा काळ पूर्वी सु. १२५ धरत, आता दुसरे शतक एवढेच म्हणणे सावधपणाचे ठरते. बर्मिंगहॅम येथील कुराणाच्या दोन चर्मपत्रांचा काळ कार्बन-१४ पद्धतीने ५६८–६४५ असा निघाला (२०१५ मध्ये जाहीर). हा काळ कातड्याचा आहे, शाईचा नव्हे, हे ध्यानात ठेवावे लागते. यांतील एका पत्राचा आरंभ ‘मरियम’ सूरेच्या (अध्यायाच्या) ९१ व्या आयतीने (वचनाने) होतो, आणि तिचा विषय परम कृपाळू ईश्वरास पुत्र असल्याचे म्हणणाऱ्यांचा निषेध हाच आहे.

दोघांची नावे एकत्र असलेला सर्वांत जुना मोठा लेख जेरूसलेमच्या ‘कुब्बतुस्सखरा’ (डोम ऑफ द रॉक) या वास्तूत आहे. अष्टकोनी कमानींवरील सु. २४० मी. लांबीच्या या कुट्टिमचित्र (मोझेइक) लेखात मुहंमदांना ईश्वराचे प्रेषित म्हटले असून, मरियमपुत्र ईसा हेही प्रेषित व ईश्वराचा शब्द आहेत, परंतु ‘तीन म्हणू नका’ असे बजावले आहे (कुराण ४.१७१). लेखाचे वर्ष हिजरी ७२ (६९१–९२) आहे. नंतरच्या अब्बासी घराण्यातील खलीफा मामून याने लेखातील उमय्या घराण्यातील खलीफा अब्दुल मलिक याचे नाव काढून स्वतःचे घातले. वर्ष बदलायचे मात्र राहून गेले, त्यामुळे खरा बांधविता कळतो.

कार्य : येशूंच्या हाती सत्ता कधीच आली नाही व रोमन शासनाने त्यांना देहदंड दिला. मुहंमदांनी मदीनेत ज्यू गटांसह करार करून समाजाची घडी बसविली व ६३० मध्ये मक्का जिंकली. हा करार चिकित्सक अभ्यासकही बहुतांशी अस्सल मानतात. वधस्तंभावरील मृत्यू ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आहे, तर कुराण (४.१५७) तो नाकारते. कुराणात ईसा हे नाव पंचवीस वेळा येते, मुहंमद हे चार वेळा.

मराठीतील नामे : मराठी ख्रिस्ती ‘येशू’ म्हणतात, मुसलमान ‘ईसा’ किंवा ‘हजरत ईसा’. इसवी सनातील ‘इसवी’ हे विशेषण या दुसऱ्या, अरबी नावावरून फार्सीमार्गे आले आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांतील शुहूर सन हा हिजरी ७४५, म्हणजे इ. स. १३४४, पासून सौर मानाने चालविलेला हिजरी सनच असून, मृग नक्षत्रापासून सुरू होत असल्याने त्यास मृगसाल असेही म्हणतात. त्यात ५९९ किंवा, जानेवारीपासून मृगापर्यंतच्या महिन्यांत, ६०० मिळविले असता इसवी सन येतो.