आधी दाब मोजा, मग स्क्रूला हात लावा

सत्तरच्या दशकातल्या पोर्शे ९११ बद्दल एक तक्रार फार ऐकू येते. सकाळी गार इंजिन पहिल्या सेल्फला चालू होतं, पण गाडी पळवून आणून पंधरा-वीस मिनिटं उभी केली, की सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते आणि इंजिन दाद देत नाही. तासाभराने तीच गाडी मुकाट चालू होते. मालक प्लग बदलतो, मेकॅनिक पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा स्क्रू फिरवतो आणि दुखणं तिथेच राहतं. या गाडीत दोष कुठे आहे ते सांगणारं साधन म्हणजे प्रेशर गेज. तो न लावता केलेली दुरुस्ती मला अंधारात चाचपडण्यासारखीच वाटते.

१९७३ साली बॉश कंपनीची के-जेट्रॉनिक ही इंजेक्शनपद्धत ९११ मध्ये आली आणि टर्बो नसलेल्या ९११ मध्ये १९८३ पर्यंत टिकली. तिला मेंदू म्हणावा असा संगणक नाही. आजच्या इंजेक्टरसारखे तिचे इंजेक्टर विजेच्या इशाऱ्यावर उघडझापही करत नाहीत. इंजिन चालू असेपर्यंत सहाही इंजेक्टरमधून पेट्रोलचा फवारा अखंड चालू असतो. किती पेट्रोल सोडायचं हे ठरवते हवेच्या वाटेवरची एक गोल चकती. इंजिनाने जितकी जास्त हवा ओढली, तितकी चकती वर उचलली जाते. तिला जोडलेला दांडा एका बारीक दट्ट्याला वर ढकलतो आणि पेट्रोलच्या फटी तेवढ्या उघडतात. या फटींची रुंदी जेमतेम ०.२ मिलिमीटर. दट्ट्याच्या डोक्यावर वरून पेट्रोलचाच दाब असतो, त्याला नियंत्रण दाब म्हणतात. तो कमी असला की चकती सहज उचलली जाते आणि पेट्रोल जास्त जातं. वाढला, की मिश्रण हलकं होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं.

म्हणून तीन आकडे बघायचे. एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका दाब. ९११ एससी या मॉडेलमध्ये पंपाकडून येणारा मुख्य दाब साडेचार ते सव्वापाच बार हवा. इंजिन तापल्यावर नियंत्रण दाब साडेतीन बारच्या आसपास असतो आणि गार इंजिनात त्याहून बराच कमी. तिसरा आकडा इंजिन बंद केल्यानंतरचा. वरच्या तक्रारीचं मूळ बहुतेकदा याच आकड्यात सापडतं, आणि नेमका तोच कोणी बघत नाही.

हे इंजिन हवेने गार होतं आणि त्याचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. इंजिन बंद झालं की पंखाही थांबतो. आतल्या धातूत साठलेली उष्णता मग पेट्रोलच्या नळ्यांपर्यंत पोचते. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण आहे आणि त्यातले हलके घटक मोकळ्या हवेत पस्तीस-चाळीस अंशांनाच उकळू लागतात. कुकरमध्ये दाबाखालचं पाणी शंभर अंशांवरही पाणीच राहतं, तसंच दाबाखालचं पेट्रोलही द्रव राहतं. त्यासाठीच या व्यवस्थेत स्प्रिंग आणि पडदा असलेला एक डबा बसवलेला असतो, त्याचं नाव अ‍ॅक्युम्युलेटर. गाडी बंद केल्यावर वीसेक मिनिटांनीही तो एक बारहून थोडा जास्त दाब धरून ठेवतो. दाब गळाला, की नळ्यांत वाफेचे बुडबुडे होतात आणि इंजेक्टरला पेट्रोलऐवजी वाफ मिळते. तासाभरात नळ्या गार होतात, वाफ जिरते, गाडी चालू होते.

आता गळती शोधायची. अ‍ॅक्युम्युलेटरच्या स्प्रिंगकडच्या बाजूची बारीक नळी सोडून बघा. तिथून पेट्रोल आलं तर पडदा फाटलाय. ती कोरडी असेल तर संशय पंपाच्या तोंडावरच्या एकमार्गी व्हॉल्व्हवर घ्यायचा, नंतर ठिबकणाऱ्या इंजेक्टरवर. दट्ट्या आणि फटी ज्यात असतात तो महागडा फ्युएल डिस्ट्रिब्यूटर या यादीत खूप खाली येतो, पण बदलला जातो मात्र सगळ्यात आधी. याचं मला खरंच वाईट वाटतं. हे काम करताना आग विझवण्याचं सिलिंडर हाताशी ठेवा, कारण दाबाखालचं पेट्रोल उडून गरम एक्झॉस्टवर पडू शकतं.

गार इंजिनाचं दुखणं वेगळं. तेव्हा नियंत्रण दाब कमी ठेवण्याचं काम वॉर्म-अप रेग्युलेटर करतो. त्याच्या आत दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. विजेच्या तारेने ती तापते, वाकते आणि दाब हळूहळू वाढू देते. रेग्युलेटर बिघडून दाब पहिल्यापासूनच जास्त राहिला, तर मिश्रण हलकं पडतं. हलकं मिश्रण सावकाश जळतं. पुढच्या वेळी आत येणाऱ्या हवेची झडप उघडते तेव्हाही ज्योत शिल्लक असते, ती मागे इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेत, शिरते आणि फटाका वाजतो. या वाटेवरचा ९११ चा हवेचा डबा, म्हणजे एअरबॉक्स, प्लॅस्टिकचा, तो तडकतो. म्हणून जाणकार त्यात स्प्रिंगची झडप बसवून घेतात, जास्तीचा दाब तिथून निघून जातो.

तडकलेल्या एअरबॉक्समधून चकतीला चुकवून हवा आत जाते. ती मोजलीच जात नाही, त्यामुळे मिश्रण आणखी हलकं होतं आणि आयडलिंगला इंजिन डुलतं. याची परीक्षा फुकटात होते. इंजिन चालू असताना ऑइल टाकीचं झाकण काढा. टाकीची हवा इनटेकला जोडलेली असल्याने निरोगी इंजिन लगेच अडखळतं. काहीच फरक पडला नाही, तर हवा आधीच कुठूनतरी शिरते आहे.

एवढं सगळं ठीक निघालं, तरच मिश्रणाचा स्क्रू. इंजिन पूर्ण तापलेलं हवं आणि एक्झॉस्टला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र लावलेलं हवं. तीन मिलिमीटरची अ‍ॅलन की घालून अगदी केसभर फिरवायचं, मग ती की बाहेर काढायची, थोडी रेस द्यायची आणि मग आकडा वाचायचा. की आत असताना रेस दिली, तर ती चकतीच्या दांड्याला अडकते आणि दांडा वाकू शकतो.