अंगावर जाऊ नको बे!

होम मैदानावर सकाळी साडेसहाला पोरं फुटबॉल खेळतात. एप्रिलात साडेआठनंतर सोलापूरच्या उन्हात नुसतं उभं राहणं हीसुद्धा शिक्षाच, म्हणून ही वेळ. गोलपोस्ट म्हणजे चपलांचे ढीग. फिरायला गेलो की मी कडेला रेंगाळतो, ते त्यांच्यातल्या एका जाडसर पोरासाठी. पळण्यात सगळ्यांच्या मागे, बचावात सगळ्यांपेक्षा भारी. समोरचा चेंडू घेऊन आला की बाकीचे धावत जाऊन पाय घालतात आणि हुकतात. हा मात्र दीड-दोन पावलं लांब, अंग थोडं आडवं, गुडघे वाकवून मागेमागे सरकत राहतो. जोडीदार झेपावला की खेकसतो, "अंगावर जाऊ नको बे! थांब की!"

हिशेब अगदी बरोबर आहे. डोळ्यांनी हालचाल टिपल्यावर पाय हलायला साधारण ०.२ सेकंद जातात. सेकंदाला ७ मीटर वेगाने पळणारा आघाडीवीर तेवढ्यात १.४ मीटर पुढे सरकतो. त्याला चिकटून उभं राहिलं, तर त्याने अचानक दिशा बदललेली कळेपर्यंत गडी पसार. मध्ये दीड मीटर ठेवलं की हा उशीर भरून निघतो. अंग आडवं ठेवायचं तेही वेळेसाठीच. छाती समोर करून उभा असलेला आधी वळणार, मग पळणार. आडव्याचं वळणं अर्धं आधीच झालेलं असतं. शिवाय आडवं राहून समोरच्याची एक वाट बंद करता येते. बंद करायची ती मधली.

कारण भूमितीत आहे. गोल ७.३२ मीटर रुंद असतो. समोर ११ मीटरवरून, म्हणजे पेनल्टीच्या जागेवरून, तो सुमारे ३७ अंशांच्या कोनात दिसतो. गोलरेषेपासून तेवढंच अंतर ठेवून चेंडू १५ मीटर बाजूला न्या, कोन १४ अंशांच्याही आत येतो. चेंडूला स्पर्श न करता निम्म्याहून जास्त गोल झाकला गेला! पाय घालून चेंडू हिसकावला, म्हणजे टॅकल केला, की टाळ्या पडतात हे खरं, पण माझ्या मते तो बहुतेक वेळा आधीच्या चुकीचा दंड असतो.

ही झाली एकट्याची गोष्ट. आजचा बचाव अकरा जणांचा असतो आणि त्यांचं खरं काम मैदान लहान करणं हे आहे. मोठ्या स्पर्धांचं मैदान १०५ गुणिले ६८ मीटर, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. गोलरक्षक सोडून दहा जणांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला ७१४. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ गुणिले १० मीटरचं. म्हणजे एकेकट्याने साडेपाच कबड्डीची मैदानं राखायची. अशक्य. इटलीचे प्रशिक्षक अरिगो साची यांनी एसी मिलान या क्लबला शिकवलं ते असं, की शेवटचा बचावपटू आणि सगळ्यात पुढचा आघाडीवीर यांच्यात साधारण २५ मीटरच ठेवायचे. सगळा संघ चेंडूच्या बाजूला सरकला आणि रुंदी ४० मीटरवर आली, तर माणशी १०० चौरस मीटर उरतात. एका कबड्डीच्या मैदानापेक्षाही कमी. मिलानने १९८९ आणि १९९० असा सलग दोनदा युरोपियन कप जिंकला.

कबड्डीत साखळी हात धरून केलेली असते, म्हणून तुटली की लगेच कळतं. फुटबॉलमधली साखळी नजरेची. एक जण तीन पावलं उशिरा सरकला की त्या फटीतून पास जातो, आणि चेंडू माणसापेक्षा नेहमीच वेगवान. २० मीटरचा कडक पास दीड सेकंदाच्या आत पोहोचतो. म्हणून चेंडू निघाल्यावर नाही, तर पास देणाऱ्याची मान खाली गेली की सरकायचं. चेंडू कडेला गेला की सगळे तुटून पडतात, कारण तिथे बाहेरची रेषाही आपल्याच बाजूने खेळते. चढाईवाल्याला कोपऱ्यात ओढून घेणं आपल्याला काय नवीन!

मग समोरच्याने आपला माणूस सरळ गोलपाशी का उभा करू नये? ऑफसाइडमुळे. १९२५ पर्यंत पास सुटण्याच्या क्षणी पुढच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्धी संघाचे, गोलरक्षक धरून, तीन जण असावे लागत, नाहीतर तो ऑफसाइड. त्या वर्षी ते दोनवर आले. २२ नोव्हेंबर २०२२ ला कतारच्या विश्वचषकात सौदी अरेबियाने बचावफळी बरीच पुढे आणली. अर्जेंटिना पहिल्या अर्ध्यात सात वेळा ऑफसाइड सापडली, तीन गोल रद्द झाले आणि सामना सौदीने २-१ ने जिंकला. धोका उघड आहे. मागे मोकळं रान राहतं, ते गोलरक्षकालाच धावून राखावं लागतं. त्याच स्पर्धेत मोरोक्कोने उलटं केलं: मागे दाटीने बसले आणि उपांत्य फेरी गाठेपर्यंत फक्त एक गोल खाल्ला, तोही स्वयंगोल. पुढे असो वा मागे, खेळाडूंमधली अंतरं तुटली नाहीत, म्हणून दोन्ही चाललं.

होम मैदानावर ऑफसाइड नसतो. त्यामुळे एक पोरगा कायम चपलांपाशी तळ ठोकून असतो आणि त्याच्यापायी बचाव पुढे येऊच शकत नाही. गेल्या रविवारी जाड्याने नियम लावला आणि मला लाइनमन केलं. पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागतो त्याच क्षणी दुसऱ्या टोकाची फळी पाहायची! नजर इकडून तिकडे नेईपर्यंत पोरगा दोन पावलं पुढे. कतारमध्ये या कामाला छपराखाली १२ कॅमेरे होते. मी अंदाजाने हात वर केला.

"काका, डोळे आहेत की बटणं?"

अर्ध्या तासात मला काढून टाकलं.