रस्सा मंडळ सोडल्यावर संध्याकाळी जायचं कुठं?

व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस घरी येतो तेव्हा त्याच्या रक्तात दारूचा थेंब नसतो. गल्ली मात्र तीच असते. फाउंड्रीतली पाळी सुटायची वेळ तीच, कोपऱ्यावरचा बार तोच, आणि सुट्टीच्या दिवशी मळ्यात चूल पेटवून मटणाचा रस्सा रांधणारं दोस्तांचं रस्सा मंडळही तेच. तांबड्याला उकळी फुटली की कुणीतरी ग्लास पुढं करतंच, "एकच घे की भावा, काय हुतंय त्येला!"

त्या एका ग्लासात बरंच काही होतं. दारू प्यायली की मेंदूत डोपामिन हे 'पुन्हा हवं' वाटायला लावणारं रसायन स्रवतं. वर्षानुवर्षं प्यायल्यावर मेंदू घोटाचीही वाट बघत नाही. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ठरलेल्या दोस्ताचा आवाज, एवढ्यावर ओढ सुरू होते. दारू बंद केली म्हणून या खुणा पुसल्या जात नाहीत. त्यात कपाळामागचा, आवर घालणारा भाग दारूनं कमजोर झालेला असतो आणि सावरायला महिने घेतो. 'मनाचा निग्रह कर' असं घरचे सांगतात. पण निग्रह ज्यानं करायचा तोच भाग आजारी असतो, त्याला काय करणार?

इथं मीटिंग कामाला येते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, सगळे म्हणतात 'एए', ही मीटिंग भरवणारी, दारू सोडू पाहणाऱ्यांचीच संघटना १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात सुरू झाली. बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस धंद्याच्या कामासाठी तिथं गेला होता. काम फिसकटलं, हॉटेलात पिण्याची ओढ लागली, तेव्हा त्यानं फोनाफोनी करून बोलायला दुसरा एक दारुडा गाठला. तो निघाला डॉ. बॉब स्मिथ, पेशानं सर्जन. भारतात ही चळवळ १९५७ च्या सुमाराला आली.

मीटिंगमध्ये बघण्यासारखं फारसं काही नसतं. एखाद्या शाळेचा रिकामा वर्ग, खुर्च्या, चहा. एकेक जण उठतो, "माझं नाव अमुक, मी दारुडा," म्हणतो आणि आपली गोष्ट सांगतो. यालाच शेअरिंग म्हणतात. मध्येच कुणी तोडत नाही, उपदेश करत नाही. फी नाही, खर्च सभासदच ऐच्छिक वर्गणीतून भागवतात. कुणी पगार पाकिटासकट बारमध्ये ठेवून यायचा, कुणी मुलीच्या लग्नात पिऊन पडला होता. ऐकणारे हसतात, कारण प्रत्येकाकडं तसला एक किस्सा असतो. डॉक्टरपुढं खाली जाणारी मान इथं वर राहते.

तालमीत नवख्या पोराला वस्तादापेक्षा दोन वर्षं पुढं असलेला जोडीदार जास्त शिकवून जातो, तसंच हे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी दाखवलं होतं की आपल्यासारख्याच माणसाला जमलेलं बघितलं की 'मलाही जमेल' हा विश्वास वाढतो. कधीच न प्यायलेल्या भल्या माणसाला बघून तो तितका वाढत नाही.

आता शंका. जे टिकतात ते मुळातच जिद्दीचे असतील, मग मीटिंगचं श्रेय कसलं? ती रास्त आहे, म्हणूनच चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या चाचण्या महत्त्वाच्या. जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० मधल्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांवर रुग्ण होते. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणाऱ्या उपचारांनंतर वर्षभरानं सुमारे ४२ टक्के लोक दारूपासून पूर्ण दूर होते. इतर मानसोपचारांत ३५ टक्के. जादू नव्हे. पण फुकटात मिळणाऱ्या मीटिंगशी जोडून देणारे उपचार इतर मानसोपचारांच्या पुढं जावेत, हे मला मोठं वाटतं.

अमेरिकेतल्या आणखी एका अभ्यासातला आकडा मला अधिक बोलका वाटतो. ओळखीपाळखीत न पिणारा एक माणूस वाढला, तर पुढच्या वर्षी दारूपासून दूर राहण्याची शक्यता २७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. फक्त एक माणूस! मीटिंग अशी डझनभर माणसं एकदम देते, आणि संध्याकाळी सातला बसायला जागाही देते.

सगळ्यांना ती मानवत नाही. एएच्या शिकवणीतली 'आपल्याहून मोठी शक्ती' ही भाषा काहींना खटकते. एए त्याचा अर्थ ज्याचा त्यानं लावावा म्हणते, तरीही. अशांनी समुपदेशन किंवा औषधांचा मार्ग धरावा, दोन्ही मिळून केलं तर उत्तमच.

एक धोका मात्र ठळकपणे सांगायला हवा. रोज भरपूर पिणाऱ्यानं मीटिंगच्या जोशात एका रात्रीत दारू तोडू नये. दारूनं दाबून ठेवलेला मेंदू अचानक उसळतो: काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. आधी कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या रुग्णालयात डॉक्टरांना दाखवावं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.

घरच्यांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' हे वेगळे गट १९५१ पासून चालतात. नवरा प्यायचा थांबलेला नसला तरी बायकोला तिथं जाता येतं. त्यासाठी त्याची परवानगी लागत नाही.