एकटा चेलो चर्चमधे कसा पोचला

गावातलं जुनं दगडी चर्च, समोर एक खुर्ची, चेलो (व्हायोलिनच्या जातीचं, गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं मोठं वाद्य) घेऊन बसलेला एकच माणूस आणि अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याचं संगीत. युरोपात हे इतकं नेहमीचं झालंय की ऐकणाऱ्याला वाटतं हे संगीत चर्चसाठीच लिहिलं असणार. तसं नाहीये. बाखचे सहा चेलो सूट, म्हणजे एकामागून एक वाजवायच्या छोट्या रचनांचे संच, सुरुवातीचा प्रेल्यूड (प्रस्तावनेचा तुकडा) सोडला तर सगळे नाच आहेत, आलमांद, कुरांत, संथ साराबांद, मग मिन्युएट, बुरे किंवा गाव्होत, शेवटी जीग. आणि ते बहुधा लिहिले गेले जर्मनीतल्या क्योथेनच्या दरबारी नोकरीत, १७१७ ते १७२३ च्या आसपास. तिथला राजा लिओपोल्ड संगीतवेडा, पण उपासना साधी ठेवणाऱ्या कॅल्विन पंथाचा, त्यामुळे चर्चमधे भारीतलं संगीत लागायचंच नाही, आणि बाखने त्या वर्षांत वाद्यांसाठी भरपूर लिहिलं.

पण थोडं आणखी मागे गेलं ना की चर्च सापडतंच. चेलो म्हणजे तेव्हा मागे बसून खालचे सूर सांभाळणारं वाद्य. सतराव्या शतकात इटलीत आतड्याच्या तारेवर धातूची बारीक तार गुंडाळायची युक्ती आली, मग खालच्या सुरासाठी फार लांब आणि जाड तार लागेना, वाद्य आटोपशीर झालं आणि बोटं पळायला लागली. बोलोन्याच्या सान पेत्रोनियो चर्चमधे दोमेनिको गाब्रिएल्ली चेलो वाजवायचा, त्याने १६८९ साली एकट्या चेलोसाठी रिचेरकार नावाच्या रचना लिहिल्या, एकट्या चेलोचं हे आज हाती असलेलं अगदी सुरुवातीचं संगीत. ते अवाढव्य चर्च, तिथे सूर किती वेळ घुमत राहतो हे त्याला रोज ऐकू येत होतं.

बाखच्या स्वतःच्या हातची प्रत हरवली. बायकोने, आना माग्दालेनाने, केलेली नक्कल राहिली, पण एका गजात किती सूर घ्यायचे त्याच्या खुणा तिच्यात इतक्या सैल आहेत की आजही प्रत्येक वादक आपापला निर्णय घेतो, आणि मला तर तेच फार आवडतं, एकच सूट दोन जणांकडून ऐका, वेगळाच वाटतो. छापील प्रत आली १८२४ साली, पॅरिसमधे. तरी मैफलीत अख्खा सूट कोणी फारसं वाजवेना, हे रियाजाचे धडे असंच बरेच जण धरून चालले होते.

१८९० मधे बार्सिलोनात तेरा वर्षांच्या पाब्लो कासाल्सला, पुढे मोठा चेलोवादक झालेल्या पोराला, वडिलांबरोबर फिरताना एका दुकानात हे सूट सापडले. पोरगा बारा वर्षं रोज घासत राहिला, मगच लोकांसमोर वाजवायला घेतले. १९३६ ते १९३९ मधे त्यांनी सहाही रेकॉर्ड केले, त्यातले बरेचसे स्पेनमधे यादवी चालू असताना. हुकूमशहा फ्रँको जिंकला, कासाल्स सीमेपलीकडे फ्रान्समधल्या प्राद या छोट्याशा गावी राहिले, आणि फ्रँकोला जगाने चालवून घेतलं म्हणून त्यांनी जाहीर वाजवणंच बंद केलं. शेवटी १९५० मधे, बाखच्या २०० व्या पुण्यतिथीच्या वर्षी, जगभरचे वादकच त्यांच्या गावी आले, गावच्या सेंट पिएर चर्चमधे कार्यक्रम झाले आणि कासाल्सनी सुरुवात केली ती पहिल्या सूटने. माझ्या मते एकटा चेलो आणि गावचं चर्च ही जोडी लोकांच्या मनात बसली ती इथेच.

रशियन चेलोवादक रोस्त्रोपोविच यांनी तर सहाही सूट एकत्र रेकॉर्ड करायचं कित्येक वर्षं टाळलं, आणि केले तेव्हा १९९१ मधे फ्रान्समधे बर्गंडीतल्या व्हेझले या टेकडीवरच्या गावात जाऊन, तिथल्या बाराव्या शतकातल्या मोठ्या चर्चमधे.

का चर्चच, ते पहिल्या सूटच्या पहिल्याच ओळीत कळतं. जी आणि डी या दोन तारा मोकळ्या वाजतात, वर तिसरा सूर बोटाने. आपल्याकडे गाताना मागे तानपुरा असतो, इथे मागे काहीच नाही. गालिचा घातलेल्या हॉलमधे हे सूर एकामागून एक येतात आणि जातात. दगडी चर्चमधे मात्र खालचा जी विरायच्या आत वरचा सूर येऊन त्याच्यावर बसतो, आणि एकाच गजातून तीन आवाज एकत्र ऐकू येतात. जीग मात्र तिथे पळवता येत नाही, सगळं एकात एक मिसळतं, म्हणून वादक लय जरा खाली घेतात, आणि साराबांद संपली की गज तारेवरून उचलून तसाच हवेत धरून थांबतात, छताकडचा आवाज पूर्ण विरेपर्यंत.